आधी इंजिनिअर की आधी मॅनेजर?

हावडा ब्रिजवरून दक्षिणेकडे पाहिलं की हुगळीवरचा दुसरा पूल दिसतो, विद्यासागर सेतू. (पहिल्याचं अधिकृत नाव १९६५पासून रवींद्र सेतू आहे, पण ते टॅक्सीवाल्याला सांगून बघा.) पहिल्या पुलाचं काम १९३६ साली सुरू झालं आणि ३ फेब्रुवारी १९४३ला, ऐन युद्धात, कसलाही समारंभ न होता तो वाहतुकीला खुला झाला. त्यात २६,५०० टन पोलाद आहे, त्यातलं २३,००० टन टाटांचं, आणि नट-बोल्ट एकही नाही, सगळे सांधे रिव्हेटचे. दुसऱ्या पुलाची पायाभरणी २० मे १९७२ची. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १९७९चा जुलै उजाडला आणि पूल खुला झाला १० ऑक्टोबर १९९२ला. कोलकात्याच्या पोटातही तेच. मेट्रोची कोनशिला डिसेंबर १९७२मध्ये बसली, एस्प्लनेड ते भवानीपूर हा साडेतीन किलोमीटरही न भरणारा पहिला टप्पा ऑक्टोबर १९८४मध्ये धावला आणि डमडम ते टॉलीगंज हा जेमतेम साडेसोळा किलोमीटरचा मार्ग सलग व्हायला १९९५ साल लागलं.

केबलवर तोललेला एवढा मोठा पूल तेव्हा देशाला नवा होता आणि मेट्रो तर पहिलीच, हे मान्य. तरी कोनशिला बसल्यावर काम सुरूच न झालेली सात वर्षं तुळईच्या आणि ताणाच्या गणितात सापडत नाहीत. ती सापडतात पैशाच्या, जागेच्या, परवान्यांच्या, कंत्राटांच्या आणि कोणी कोणाची वाट पाहायची याच्या हिशेबात. हा हिशेब इंजिनिअरने शिकायचा की नाही, आणि शिकायचा तर अठराव्या वर्षी की नोकरीत चार टोणपे खाल्ल्यावर, हा या लेखाचा प्रश्न.

दरवर्षी जूनमध्ये नागपूर, जळगाव, सांगलीकडून कोलकात्यातल्या मराठी माणसाला फोन येतातच. मुलीचं गणित चांगलं आहे, माणसं सांभाळायची हौस आहे, वर्कशॉपची भीती नाही, मग बी.टेक. करून पुढे एम.बी.ए. करण्यापेक्षा दोन्ही एकदम शिकवणारं काही आहे का? जगात आहे. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या रोला गावच्या विद्यापीठात १९६७ साली ‘इंजिनिअरिंग मॅनेजमेंट’ नावाचा स्वतंत्र विभाग निघाला, तोही पदवीपासून शिकवणारा. न्यू जर्सीतल्या स्टीव्हन्समध्ये याच नावाची पदवी मिळते, आणि कामाचं शास्त्र मांडणारा फ्रेडरिक टेलर तिथलाच, १८८३चा पदवीधर. जर्मनांनी तर १९२६-२७मध्येच बर्लिनच्या तंत्रविद्यालयात तंत्र आणि अर्थकारण यांची मोट बांधली. आज तिकडे ‘विर्टशाफ्ट्सइंजेनिअर’ म्हटलं की कोणी भुवया उंचावत नाही. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ ‘मॅनेजमेंट इंजिनिअरिंग’ शिकवतं आणि विद्यार्थ्याला चार महिने वर्गात, चार महिने नोकरीत असं आलटून पालटून फिरवतं.

आपल्याकडे या नेमक्या नावाची बी.टेक. शोधायला निघालं तर हाती फारसं लागत नाही. वस्तू आहे, पाटी वेगळी आहे: प्रॉडक्शन इंजिनिअरिंग, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, हल्ली इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स. गंमत अशी की पाट्यांवर ‘इंजिनिअरिंग अँड मॅनेजमेंट’ हे शब्द मात्र भरपूर दिसतात. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये १९८९पासून इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंग अँड मॅनेजमेंट आहे, नागपूरच्या रामदेवबाबा कॉलेजच्या नावातही ही जोडी होतीच. पण संस्थेच्या नावातलं ‘अँड’ म्हणजे एका आवारात दोन इमारती. पदवीतलं ‘अँड’ म्हणजे एका डोक्यात दोन विद्या. प्रवेशाच्या गडबडीत या दोन ‘अँड’ची गल्लत होते आणि ती बरीच महागात पडते.

हा वाद कोलकात्याला नवा नाही. १९०६ साली वंगभंगाच्या चळवळीत राष्ट्रीय शिक्षण द्यायचं यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि काय शिकवायचं यावर लगेच फाटाफूट झाली. एका गटाचं म्हणणं, साहित्य, शास्त्र, तंत्र सगळं एकत्र शिकवा, पूर्ण माणूस घडवा. त्यांनी बंगाल नॅशनल कॉलेज काढलं, अरविंद घोष त्याचे प्राचार्य. तारकनाथ पालितांच्या गटाला हे पटेना. देशाला कारागीर आणि तंत्रज्ञ हवेत, आधी हात तयार करा, असा त्यांचा आग्रह. त्यांनी त्याच वर्षी २५ जुलैला बंगाल टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू केलं. १९१०मध्ये दोघे एक झाले. टिकलं ते मात्र तंत्राचं अंग, आणि त्यातूनच पुढे १९५५ साली जादवपूर विद्यापीठ उभं राहिलं. या राष्ट्रीय शिक्षणाच्या उद्योगात बंगाली भाषा आणि इतिहास शिकवायला एक मराठी आडनावाचे गृहस्थ होते, सखाराम गणेश देउस्कर. देवघरजवळ जन्मलेले, बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिणारे. इंग्रजांच्या राज्यात देशी उद्योग कसे बुडाले याचा आकडेवार ताळेबंद त्या पुस्तकात आहे. आजच्या भाषेत उद्योगांचं अर्थशास्त्रच ते, फक्त ते शिकवणाऱ्याला कोणी मॅनेजमेंटचा प्राध्यापक म्हटलं नाही.

स्वातंत्र्यानंतर मॅनेजमेंट शिकवण्यात कोलकात्याने देशात आघाडी घेतली. कॉलेज स्क्वेअरला, विद्यापीठाच्या शेजारी, १९५३ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सोशल वेल्फेअर अँड बिझनेस मॅनेजमेंट निघालं. समाजकल्याण आणि धंदा एका पाटीवर आणणारं हे नाव आज ऐकायला विचित्र वाटतं, पण गिरण्यांच्या शहरात कामगार अधिकारी आणि व्यवस्थापक एकाच खिडकीतून बाहेर बघत होते, हे लक्षात घेतलं की उलगडा होतो. १९६१च्या नोव्हेंबरमध्ये देशातलं पहिलं आय.आय.एम. इथेच आलं, आधी बराकपूर ट्रंक रोडवरच्या एमराल्ड बावर या जुन्या बागबंगल्यात, पुढे जोक्याला. अहमदाबादने हार्वर्डचा हात धरला, कोलकात्याने एम.आय.टी.चा. त्यामुळे तिथे केस स्टडीची चर्चा रंगली आणि इथे गणिताचा फळा भरला. आजही जोक्याची ख्याती आकड्यांची आहे.

पण माझ्या मते या विषयाची खरी गंगोत्री जोक्याला नाही, बरानगरला आहे. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३१मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजच्या एका खोलीत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा घाट घातला; तीच पुढे बरानगरला स्थिरावली. कारखान्यातल्या मालाची गुणवत्ता आलेखावर वरच्या आणि खालच्या मर्यादारेषा आखून सांभाळता येते, हे जगाला शिकवणारा वॉल्टर शुहार्ट १९४७-४८मध्ये त्यांच्या बोलावण्यावरून भारतात आला. सगळा माल तपासत बसण्यापेक्षा माल करणारी प्रक्रियाच ताब्यात ठेवायची, हा त्याचा मंत्र. त्यातून इन्स्टिट्यूटने गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रं उघडली, त्यांत मुंबई-पुण्याचीही. १९५४-५५मध्ये एक जपानी पाहुणा बरानगरला राहून गेला, गेनिची तागुची. पुढे जपानी कारखान्यांत ज्याच्या नावाने प्रयोगांची पद्धत रूढ झाली तो हाच. त्या पद्धतीचा कणा असलेल्या, कोणते प्रयोग करायचे ते ठरवणाऱ्या ऑर्थोगोनल अ‍ॅरे सी. आर. राव यांनी याच इन्स्टिट्यूटमध्ये आधीच मांडल्या होत्या. चाकणच्या कारखान्यात ‘तागुची मेथड’चं ट्रेनिंग जपानहून आलेली विद्या म्हणून घेतात, तिचा एक धागा बरानगरच्या याच इन्स्टिट्यूटमधून गेलेला आहे.

आता या विषयासाठी कोलकात्यातल्या या संस्थांत एक समान गोष्ट आहे. पदवी घेऊन या, मग शिकवतो. बरानगरचा गुणवत्ता, विश्वासार्हता आणि ऑपरेशन्स रिसर्चचा अभ्यासक्रम एम.टेक.चा. जोक्याचा पदवीनंतरचा. २०१५मध्ये जोका, बरानगर आणि खरगपूर या तिघांनी मिळून काढलेला बिझनेस अ‍ॅनालिटिक्सचा डिप्लोमाही पदव्युत्तर. देशाला मॅनेजमेंट शिकवणाऱ्या शहरात बारावी झालेल्या पोराने कुठे जायचं? दारं दोनच नीट उघडतात. एक जादवपूरचं प्रॉडक्शन इंजिनिअरिंग, दुसरं हावड्याहून ११५ किलोमीटरवर खरगपूर आय.आय.टी.चं इंडस्ट्रियल अँड सिस्टिम्स. खरगपूरला जे.ई.ई. अ‍ॅडव्हान्स्डची चाळणी आहे. जादवपूरला राज्याची प्रवेश परीक्षा, आणि बहुतेक जागांवर पश्चिम बंगालच्या रहिवाशांचा हक्क. म्हणजे जळगावच्या मुलीला ते दार जवळजवळ बंदच, पण कोलकात्यात वाढलेल्या मराठी मुलाला उघडं. तिथली ट्यूशन फी कित्येक वर्षं वर्षाला २,४०० रुपयांच्या आसपास राहिली आहे, हा आकडा पुण्यातल्या पालकांना सांगितला की एक शून्य गाळलं का म्हणून विचारतात.

तिसरी वाट हल्ली बरीच पोरं धरतात. बी.टेक. कोणतीही करायची, एरवीच्या १६० क्रेडिट्सवर साधारण २० क्रेडिट्स जादा घेऊन दुसऱ्या विषयाची ‘मायनर’ पदरात पाडायची. चौथी वाट बी.बी.ए.ची, तिलाही २०२४-२५पासून तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेच्या कक्षेत आणलं आहे. पण बी.बी.ए.ला यंत्र दिसत नाही. ज्याला यंत्रांच्या घरात व्यवस्थापन करायचं आहे त्याने तिकडे जाऊ नये, एवढंच त्याबद्दल म्हणतो.

शिकवतात काय, हे एकदा जवळून बघू. तिसऱ्या वर्षाला इन्व्हेंटरी येते. स्टोअरमध्ये एक बेअरिंग आहे, वर्षाला १,००० लागतात. प्रत्येक ऑर्डरमागे इंडेंट, कोटेशन, गाडीभाडं, तपासणी धरून ५०० रुपये खर्च येतो. एक बेअरिंग वर्षभर कपाटात ठेवायचा खर्च, अडकलेल्या पैशाच्या व्याजासकट, २५ रुपये. एका वेळी किती मागवायची? फोर्ड हॅरिस नावाच्या इंजिनिअरने १९१३ साली याचं सूत्र दिलं. १,००० गुणिले ५०० गुणिले २, भागिले २५, त्याचं वर्गमूळ: २००. वर्षात पाच ऑर्डरी. त्यांचा खर्च २,५०० रुपये. कपाटात सरासरी १०० नग, त्यांचाही खर्च २,५००. दोन्ही पारडी समान झाली की एकूण खर्च सगळ्यांत कमी. फळ्यावर हे इतकं देखणं दिसतं की पोरं खूश होतात.

मग प्रत्यक्ष स्टोअरमध्ये जावं. वेंडर म्हणतो, पाचशेच्या पेटीखाली देणार नाही. दुर्गापूजेच्या आधी गाड्या मिळत नाहीत आणि पूजेत सगळं शहरच बंद, म्हणून सप्टेंबरची ऑर्डर ऑगस्टमध्ये टाकायची. गोदामात पावसाळ्यात ओल येते. शिवाय स्टोअरकीपरने गुपचूप चाळीस नग वेगळे काढून ठेवलेले असतात, कारण गेल्या वर्षी लाइन बंद पडली तेव्हा शिव्या त्याला बसल्या होत्या. त्या चाळीस नगांना पुस्तकात ‘सेफ्टी स्टॉक’ म्हणतात आणि त्याचंही सूत्र आहे. पण ते चाळीस आहेत हे कळायला स्टोअरकीपरबरोबर चहा प्यावा लागतो. चार वर्षांच्या पदवीत वर्गमूळही आणि चहाही शिकवता आला तर ती पदवी खरी. बाकीचे विषय, म्हणजे वर्क स्टडी, ऑपरेशन्स रिसर्च, गुणवत्ता नियंत्रण, प्लांट लेआउट, कॉस्टिंग, अर्गोनॉमिक्स, प्रोजेक्टचं वेळापत्रक, यांना हीच कसोटी लावता येते.

या शाखेवरचा जुना आक्षेप म्हणजे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’. मेकॅनिकलवाला म्हणतो याला थर्मोडायनॅमिक्स अर्धवट येतं, एम.बी.ए.वाला म्हणतो याला ताळेबंद वाचता येत नाही. यात तथ्य आहे, आणि व्यवहारातही त्याची झळ बसते. केंद्राच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेस परीक्षेत स्थापत्य, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन एवढेच विषय. प्रॉडक्शनच्या मुलाला बहुधा मेकॅनिकलचा पेपर घासावा लागतो. गेटला स्वतःचा पेपर आहे, पण सरकारी कंपनीच्या जाहिरातीत ‘मेकॅनिकल / प्रॉडक्शन / इंडस्ट्रियल’ असं लिहिलंय की नुसतंच ‘मेकॅनिकल’, हे दर वेळी भिंग लावून बघावं लागतं. प्रवेश घेताना हे कोणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप माझ्या मते अधिक गंभीर आहे: अठराव्या वर्षी ज्याने कशाचीच जबाबदारी घेतलेली नाही त्याला व्यवस्थापन शिकवणं म्हणजे कोरड्या जमिनीवर पोहणं. नोकरीत चार-पाच वर्षं काढून मग जोक्याला गेलेल्या माणसाला जे दोन वाक्यांत कळतं ते पोराला अख्ख्या सेमिस्टरमध्ये कळत नाही. याला एकच उत्तर आहे, ते म्हणजे कारखाना. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रॉडक्शनची ‘सँडविच’ शाखा होती. वर्गाच्या दोन कापांमध्ये कारखान्याचा काप. विद्यार्थी महिनोन्‌महिने कंपनीत कार्ड पंच करायचा. पिंपरी-चिंचवड, भोसरी दाराशी असल्यामुळे ते जमलं. मुंबईत विहार तलावाकाठी १९६३ला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने निघालेल्या नीटीने हेच पदव्युत्तर पातळीवर केलं. त्या संस्थेचं नावच ‘इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग’ होतं. २०२३मध्ये ती आय.आय.एम. मुंबई झाली. पालक खूश झाले, पण पाटीवरून इंजिनिअरिंग हा शब्द गेला याची हळहळ मला वाटते. विलेपार्ले आणि शिरपूरला एन.एम.आय.एम.एस.ची पाच वर्षांची एम.बी.ए.टेक. आहे, म्हणजे दोन्ही विद्या एका प्रवेशात. कल्पना चांगली, फी भारी.

कोलकात्याची अडचण इथेच आहे. सँडविचमधला मधला काप कुठून आणायचा? उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने मे २०१४मध्ये काम थांबवलं आणि अ‍ॅम्बॅसडर संपली. साहागंजचं डनलॉप बंद पडलं, सिंगूरहून नॅनो २००८मध्ये गेली. रिश्र्याला १८५५ साली सुरू झालेल्या तागाच्या गिरण्यांच्या परंपरेत आज ज्या उरल्यात त्यांच्यात प्रशिक्षणार्थी घ्यायची कोणाला ऊर्मी नाही. म्हणून इथल्या मुलाने कारखाना म्हणजे धुराडं, ही समजूत सोडावी. गार्डन रीचला युद्धनौका बांधतात, डानकुनीला मैलभर गोदामं उभी आहेत, बानतळ्याला चामड्याचं संकुल आहे, हल्दियाला बंदर आहे.

आणि अगदी जवळचा कारखाना तर बऱ्याच मराठी घरांतच आहे. सांगलीकडच्या खानापूर-आटपाडीची सोन्याचांदीची गलाई करणारी मंडळी देशभर पसरली, तशी कोलकात्यातही आली. जेमतेम दहा बाय दहाची खोली, भट्टी, आम्ल, तराजू. जुना दागिना आत जातो, लगड बाहेर येते, आणि सगळा धंदा ‘घट’ या एका शब्दावर चालतो. वजनात किती घट धरायची, प्रत्यक्षात किती आली, फरक कुठे गेला. दिवसाच्या शेवटी फरशी झाडतात तो कचरा फेकत नाहीत, झारेकऱ्याकडे जातो, कारण त्यातही सोनं असतं. या घरातला मुलगा जादवपूरला जाऊन ‘यील्ड’ आणि ‘प्रोसेस लॉस’ शिकतो तेव्हा तो नवं काही शिकत नसतो, बापाच्या कामाला सूत्र लावत असतो. अशांनाच ही शाखा अठराव्या वर्षीही पचते, असं माझं मत.

सोन्याच्या कारागिरांची मोठी वस्ती बहुबाजारला आहे, आणि या विषयाचा शहरातला सगळ्यांत कडू धडाही तिथलाच. ३१ ऑगस्ट २०१९ला पूर्व-पश्चिम मेट्रोचा बोगदा खणणारं यंत्र जमिनीखालच्या पाण्याच्या साठ्याला भिडलं. पाण्याबरोबर गाळ वाहून गेला, वरची जमीन खचली, दुर्गा पिथुरी लेन आणि स्याकरापाडा लेनमधल्या जुन्या घरांना तडे गेले, काही कोसळली. शेकडो लोकांना नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढून हॉटेलांत ठेवावं लागलं. २०२२मध्ये पुन्हा तडे गेले. सियालदह ते एस्प्लनेड हा तुकडा अखेर २२ ऑगस्ट २०२५ला सुरू झाला. जमिनीखालचं पाणी हा भूतंत्राचा प्रश्न. पण घर खाली करायची सूचना कोणी द्यायची, भाडेकरू आणि मालक यांतलं भांडण कोण ऐकणार, कारागिराची हत्यारं आणि अर्धवट दागिने कोण सांभाळणार, एका हॉटेलात किती कुटुंबं, कंत्राटदाराचा विमा कुठपर्यंत, यंत्र थांबलं तर पलीकडच्या स्टेशनचं काम थांबवायचं की नाही, हे सगळं त्याच रात्री कोणातरी इंजिनिअरसमोर आलं असणार. त्याला यातलं काय काय शिकवलेलं होतं, हा प्रश्न मला त्या गल्लीतून जाताना दर वेळी पडतो.

म्हणून जूनमधल्या फोनवर मी हल्ली शाखेचं नाव विचारत नाही. कॉलेजात जा, पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरचं वेळापत्रक मागा, कारखान्यातले आठवडे किती ते मोजा आणि विभागाच्या कपाटातले शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट रिपोर्ट काढायला लावा, असं सांगतो. एखाद्या गोदामाचं, एखाद्या लाइनचं, रात्रपाळीच्या रिजेक्शनचं नाव मुखपृष्ठावर आहे की नुसतंच ‘एक अभ्यास’ आहे? आत मोजमापं पोरांनी स्वतः घेतलीत की कंपनीने दिलेला तक्ता चिकटवलाय? गेल्या वर्षी एका मुलीच्या वडिलांनी खरंच असं केलं. मला फोन करून म्हणाले, “अहो, चार रिपोर्ट बघितले. तिघांवर धूळ होती, एकावर तेलाचा डाग होता.” मी म्हटलं, चौथ्याच्या गाइडचं नाव लिहून घ्या.